पट्ट्या किलोवर, पाया मीटरवर: गोधडीच्या चौकोनांसाठी जळगाव-धुळ्याच्या बाजारातला माल

कापडाच्या पट्ट्या एका चौकोनी पायावर ओळीने शिवत जायच्या, पाया पुरता झाकला की कडा छाटायच्या, आणि असे साठ-सत्तर चौकोन जोडून गोधडीचा वरचा थर करायचा. अमेरिकेत या कामाला स्ट्रिंग पीसिंग म्हणतात. १९३० च्या मंदीत तिकडे वर्तमानपत्राच्या कागदावर अशा गोधड्या घरोघरी शिवल्या गेल्या. आपल्याकडे चिंध्यांची गोधडी नवी नाही, पण आपली रीत वेगळी: जुन्या साड्यांच्या घड्या अंथरायच्या, वर ठिगळं मांडायची आणि सगळ्यातून धावदोरा घालायचा. चौकोन आधी पायावर बांधून मग जोडायचा, हे अलीकडे मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे सुरू झालं. अडचण अशी की त्या व्हिडिओंत दाखवतात तो माल आपल्या पेठेत नसतो आणि आपल्या पेठेत असतो त्याबद्दल ते काही बोलत नाहीत. म्हणून जळगावचं फुले मार्केट, धुळ्याचा आग्रा रोड, नंदुरबार-अमळनेरचा आठवडे बाजार इथे जे मिळतं, त्याचीच ही परीक्षा.

निकाल आधीच सांगायचा तर पट्ट्यांवर पैसे वाचवा, पायाच्या बाबतीत घाई करू नका. सगळ्यांत चांगला पाया बाजारात नाहीच, तो बहुतेक घरांत ट्रंकेच्या तळाशी पडलेला असतो.

पुढची सगळी मापं एका माणसाच्या गोधडीची आहेत: ५६ बाय ८० इंच. चौकोन तयार ८ इंची, आडवे ७, उभे १०, एकूण ७०. पाया ९ इंचाचा कापायचा, पट्ट्या शिवून झाल्या की साडेआठवर छाटायचा, म्हणजे चारही बाजूंनी पाव पाव इंच दाब (शिवणीत आत जाणारी कड) राहतो.

आता पट्ट्या. वजनावर मिळणाऱ्या कतरणीच्या पिशव्या तीन जातींच्या. पहिली गाऊन आणि शर्ट कापणाऱ्या कारखान्यांची. ही सगळ्यांत सरळ. थराने कापलेलं कापड असल्याने एकाच छापाचे वीस-पंचवीस तुकडे हाती लागतात, कडा लांब असतात, आणि गाऊनचं कापड बहुधा सुतीच असतं. दोष एवढाच की सगळी गोधडी एकाच गाऊनची दिसू लागते. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या पिशव्या मिसळल्या की हे जातं.

दुसरी ब्लाउज शिवणाऱ्या टेलरकडची. रंगांच्या बाबतीत हिला तोड नाही, कारण साडीगणिक ब्लाउजपीस वेगळा. पण गळ्याचे आणि मुंढ्याचे गोल तुकडे फार, अस्तराचे बारके तुकडे त्याहून जास्त. गोल कड सरळ करताना निम्मं कापड जातं. शिवाय टू बाय टू रुबिया या सुती ब्लाउजकापडाच्या नावाखाली आता मिश्र धाग्याचं कापडही सर्रास येतं. ते शिवायला वाईट नाही, पण इस्त्रीची उष्णता सुती कापडापेक्षा कमी ठेवावी लागते, आणि एकाच चौकोनात दोन्ही असतील तर इस्त्री कायम कमी उष्णतेवरच चालवावी लागते.

तिसरी सुरतेची. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जाणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गाने आपला पट्टा सुरतेच्या साडीबाजाराला जोडलेला आहे, त्यामुळे जॉर्जेट, क्रेप आणि साटिनच्या तुकड्यांना तोटा नाही. पिशवी उघडली की डोळे दिपतात. गोधडीसाठी मात्र ही पिशवी नकोच. जॉर्जेट टीप मारताना मशीनच्या दातांवरून सरकतं, त्यामुळे वरची पट्टी खालच्यापेक्षा पुढे जाते आणि चौकोन पिळल्यासारखा होतो. साटिनची कापलेली कड पाव इंच दाबातून धागा धागा सुटत येते आणि तिसऱ्या-चौथ्या धुण्याला सांधा उघडतो. आणि भुसावळच्या मे महिन्यात घाम न शोषणारी गोधडी अंगावर कोण घेणार? पडद्याला, उशीच्या शोभेच्या खोळीला घ्यायची तर घ्या, पाया मात्र घट्ट विणीचा ठेवा.

विक्रेता सांगणारच, "बठ्ठं कॉटनच शे, ताई." पिशवीतून चार-पाच तुकडे उपसा आणि प्रत्येकाचा एकेक धागा ओढून स्टीलच्या ताटलीत चिमट्याने जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच येतो आणि राख बोटाने चुरडली की भुकटी होते. पॉलिएस्टर आधी आकसतं, वितळतं, काळा धूर देतं आणि टोकाला कडक मणी राहतो. मिश्र धाग्यात राखही असते आणि तिच्यात खरखरीत कणही लागतो. दुकानदार या परीक्षेला नाही म्हणत असेल तर पिशवी त्याच्याकडेच राहू द्या.

किती घ्यायचं हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि बहुतेक लोक दुप्पट घेऊन ठेवतात. हिशेब सोपा आहे. १ इंच रुंदीची पट्टी शिवल्यावर अर्धा इंचच दिसते, कारण दोन्हीकडचा पाव पाव इंच दाबात जातो. म्हणजे निम्मं कापड आत. दीड इंचाची पट्टी १ इंच दिसते, तिथे एक तृतीयांश जातं. २ इंचाची दीड दिसते, तिथे पावच. सरासरी दीड इंच धरा, टोकांची छाटणी मिळवा, तर ७० चौकोनांना साधारण पावणेसहा चौरस मीटर कापड लागतं. पॉपलिन-केंब्रिकच्या जाडीच्या सुती कापडात ते साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास बसतं. कारखान्याच्या पिशवीतलं दोन तृतीयांश कामाचं निघतं, म्हणून १ किलो पुरते. टेलरच्या पिशवीतलं जेमतेम निम्मं निघतं, तिथे दीड किलो घ्या.

पाऊण इंचापेक्षा अरुंद पट्टी घेऊच नका. ती शिवल्यावर पाव इंच दिसते आणि टीप जरा वाकडी गेली की एका टोकाला गायब होते. अडीच इंचापेक्षा रुंद असेल तर मधून उभी चिरा, नाहीतर चौकोनात ती एकटीच डोळ्यांत भरते.

लांबीचंही पाहा. ९ इंचाच्या पायाचा कर्ण पावणेतेरा इंच भरतो. पट्ट्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या लावायच्या तर मधली पट्टी किमान साडेतेरा इंच हवी. टेलरच्या कतरणीत एवढी लांब पट्टी क्वचितच मिळते. मग एक तर दोन तुकडे जोडून लांब करा, नाहीतर तिरपेपणाचा हट्ट सोडून पट्ट्या सरळ आडव्या लावा. आडव्या मांडणीत साडेनऊ-दहा इंचाचा तुकडा पुरतो, आणि एक चौकोन आडवा एक उभा असे ठेवले की गोधडी टोपलीच्या विणीसारखी दिसते.

पट्ट्यांचे तयार रोल ऑनलाइन मागवता येतात: अडीच इंच रुंद, पन्हाभर (कापडाच्या पूर्ण रुंदीएवढ्या) लांब, एका रोलमध्ये साधारण चाळीस पट्ट्या. छाप एकमेकांना साजेसे असतात, कापणी नेमकी असते. पण कित्येक रोलांच्या कडा दातेरी कापलेल्या असतात आणि अडीच इंच हे माप दाताच्या टोकापासून आहे की खाचेपासून, ते दर कंपनीचं वेगळं. एक पट्टी आधी मोजून पाहा, मगच पाव इंच कुठून धरायचा ते ठरवा. खरं म्हणजे या कामाला एकसारख्या रुंदीची गरजच नाही, उलट अरुंद-रुंद मिसळल्याशिवाय चौकोनाला जान येत नाही. एवढा पैसा इथे वाया आहे.

शेवटचं रंगाचं. लाल, मरून, गडद निळा आणि काळा हे चार रंग पिशवीतून वेगळे काढा. ओल्या पांढऱ्या चिंधीत तुकडा गुंडाळून वरून गरम इस्त्री दाबा. डाग उठला तर ते तुकडे कोमट पाण्यात भिजवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. तरीही सुटतच असेल तर टाकून द्या. मीठ-व्हिनेगरने कच्चा रंग पक्का होतो हा समज काही जात नाही, पण रंगही त्याने थांबत नाही.

आता मुख्य विषय, पाया.

कागद स्वस्त, म्हणून सुरुवात सगळे रद्दीनेच करतात. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, चौरस मीटरला ४२ ते ४९ ग्रॅम, त्यामुळे फाडायला सोपा. पण शाई. गरम इस्त्रीखाली ती पांढऱ्या आणि पिवळ्या पट्टीच्या उलट्या बाजूला उतरते आणि पातळ कापडातून वर करडी दिसते. ताजा अंक तर मुळीच नको. कागद फाडताना मऊ व्हावा म्हणून पाण्याचा हात फिरवायचा सल्लाही रद्दीला लावू नका, शाई जास्तच पसरते. एका बाजूने छापलेला जुना झेरॉक्सचा कागद वापरणारेही आहेत. तो जाड, फाडताना टाके ओढतो. बटर पेपर त्यातल्या त्यात बरा: शाई नाही, आरपार दिसतं, चुरचुर फाटतो. पण ७० चौकोनांतून कागदाच्या बारीक कडा चिमट्याने काढण्यात जो वेळ जातो, तो कोणी धरत नाही.

कागदावर शिवताना टाका बारीक हवा, इंचाला १६ ते १८. भोकं जवळजवळ पडली की कागद टीपेवरून तिकिटासारखा सुटतो. सुई १४ नंबरची. कागदाने सुईचं टोक लवकर बोथट होतं, म्हणून ती सुई बाजूला ठेवायची आणि चांगल्या कापडाला लावायची नाही. शटलभोवती कागदाचा भुसा साचतो, दर दहा-बारा चौकोनांनी ब्रशने काढा, नाहीतर खालचा दोरा गोळा व्हायला लागतो. आणि बारीक टाक्याची चुकलेली टीप उसवायची वेळ आली, तर कागद तिथेच फाटतो आणि पाया गेला. कागदाचा एकच खरा फायदा: गोधडीत जादा थर राहत नाही. उन्हाळ्यात पांघरायला एकदम हलकी चादर हवी असेल, तरच कागद.

नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या कापडाबद्दल थोडक्यात. टेलरिंगच्या दुकानात पातळ नॉन-वोव्हन बक्रम मिळतं, ते पाया म्हणून चालतं, आकसत नाही, कापायला सोपं. पण लोक पैसे वाचवायला कापडी पिशव्यांचं नॉन-वोव्हन वापरतात. ते पॉलिप्रॉपिलीन असतं, १६० अंशांच्या पुढे वितळतं, आणि सुती कापडाची इस्त्री त्याहून तापते. पहिल्याच चौकोनाला इस्त्रीच्या तळाला चिकटून बसेल. फ्युजिंग, म्हणजे गोंदाचं बक्रम, पट्ट्या जागेवर धरतं खरं, पण गोधडी पुठ्ठ्यासारखी होते आणि हाताने धावदोरा घालताना सुई बोटात रुतते. कॉलरला ठीक, इथे नको.

मांजरपाट, म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं कोरं कापड. धुळ्यात आणि मालेगावच्या मागांवर कोरं कापड विणलं जातं, त्यामुळे आपल्याकडे ते सहज आणि परवडेल अशा भावात मिळतं. दिसायला ठणठणीत असतं. फसवणूक तिथेच आहे. मागावर ताणाच्या धाग्यांना खळ लावलेली असते, त्या खळीमुळे विरळ विणीचं कापडही हाताला भरीव लागतं. घरी नेऊन धुतलं की खळ जाते आणि हातात मच्छरदाणी उरते. दुकानातच तपासा: कापडाचा कोपरा दोन्ही मुठींत धरून जोरात चोळा. पांढरी पूड झडली आणि चोळलेला भाग लुळा पडला तर खळीचं कापड आहे. मग तोच भाग उजेडाकडे धरा, धाग्यांमधली भोकं मोजता आली तर सोडून द्या. धागा जाळायची परीक्षा इथेही करा, कारण कोऱ्या कापडातही मिश्र धागा येतो.

चांगलं मिळालं तरी न धुता कापू नका. कोरं मांजरपाट पहिल्या धुण्यात साधारण ५ ते ८ टक्के आकसतं. वरच्या पट्ट्या आधी धुतलेल्या किंवा कारखान्यात आकसून आलेल्या असतात, त्या आकसत नाहीत. पाया आत ओढला जातो आणि पट्ट्या वर फुगतात, गोधडीभर बारीक सुरकुत्या पडतात, आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात तासभर भिजवा. कोऱ्या कापडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो तसाच गोल उभा राहतो, कारण कापसाचं मूळचं मेण अजून धाग्यात असतं. सोड्याच्या धुण्यानंतर तोच थेंब लगेच जिरला पाहिजे. जिरत नसेल तर आणखी एकदा धुवा. सरकीच्या टरफलांचे तपकिरी ठिपके दिसतात त्यांना घाबरू नका, वर फिकट पट्टी येणार असेल तिथे ते झळकणार नाहीत एवढं पाहा.

इथेच मापाचा घोळ होतो. ३६ इंच पन्ह्यात ९ इंचाचे बरोब्बर चार चौकोन बसतात असा हिशेब करून लोक कापड घेतात. धुतल्यावर पन्हा ३४ वर येतो आणि ओळीला तीनच चौकोन निघतात, उरलेली ७ इंचाची पट्टी पडून राहते. ४४ इंच पन्हा घ्या. तो आकसून ४१ झाला तरी चार निघतात. ७० चौकोनांना अठरा ओळी, म्हणजे १६२ इंच, ४ मीटर ११ सेंटिमीटर. लांबीचं आकसणं धरून साडेचार मीटर मागा. चौकोन कात्रीने कापण्यापेक्षा फाडा: फाडलेली कड धाग्याच्या बरोबर सरळ जाते. कड जराशी लहरते, पण ती छाटणीत जाणारच आहे. हे महत्त्वाचं आहे, कारण तिरप्या पट्ट्यांच्या चौकोनात वरच्या सगळ्या कडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या असतात, ताणल्या की वाढतात. त्यांना धरून ठेवतो तो फक्त सरळ धाग्याचा पाया. पायाच तिरका कापला असेल तर त्याचा उपयोग संपला.

मलमल हलकी, हाताने टाका घालायला लोण्यासारखी. पण मशीनवर पातळ मलमल सुईच्या प्लेटच्या भोकात ओढली जाते, विशेषतः पायडलच्या जुन्या मशीनवर, टीपेच्या सुरुवातीला. हलकी स्टार्च देऊन इस्त्री केली तर हा त्रास जातो. सुई ११ किंवा १२ नंबरची लावा. लहान बाळाच्या दुपट्याला मलमलीशिवाय दुसरं काही सुचवणार नाही. मोठ्या गोधडीला ती दहा धुण्यांनंतर सांध्याजवळ विरते.

आणि जुनी सुती साडी. वर्षानुवर्षं धुतलेली असते, म्हणून आकसायचं उरलेलं नसतं, खळ केव्हाच गेलेली असते, रंगही सुटायचा तेवढा सुटून झालेला असतो. काठ-पदर वगळून ५ मीटर लांब आणि ४४ इंच रुंद कापड हाती आलं तर ओळीला चार याप्रमाणे एकवीस ओळी, ८४ चौकोन. म्हणजे एका साडीत सबंध गोधडीचा पाया निघतो आणि चौदा चौकोन खराब निघाले तरी चालतात. खराब निघतातच. निऱ्यांचा भाग आणि बसण्याच्या जागेचं कापड विरलेलं असतं. उजेडाकडे धरून विरळ भाग खडूने खुणावा, मग दोन्ही अंगठ्यांनी जोर देऊन ताणून पाहा. कुर्र आवाज आला तर तेवढा तुकडा आतल्या थरात घाला, पायाला नको. गडद रंगाची साडी फिकट पट्ट्यांखाली झळकते, एवढं सांभाळायचं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडच्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, थेट जुन्या साडीवरच शिवतात, कडेपासून सुरू करून मध्याकडे. साडी पाया म्हणून किती टिकते, ते पाहायचं तर कवंदी पाहावी.

कापडी पायावर टाका साधा ठेवा, इंचाला १० ते १२. कागदाची सवय लागलेल्या हाताने इथेही बारीक टाके घातले जातात, मग टीप गोळा होते आणि चौकोन लहान भरतो.

आता एक चौकोन. पाया तिरका दुमडून कर्णावर नखाने घडी पाडा. पहिली पट्टी सुलटी वर ठेवून घडीच्या मधोमध बसवा, दोन्ही टोकं पायाच्या बाहेर अर्धा इंच. दुसरी पट्टी तिच्यावर उलटी ठेवा, उजव्या कडा जुळवा, पाव इंचावर टीप मारा, पायाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेच्या जरा पुढेपर्यंत. ती पलटा आणि सांधा आधी नखाने, मग कोरड्या इस्त्रीने दाबा. इस्त्री ठेवायची आणि उचलायची, घासायची नाही. घासली की उरेब कड लांबते. ही पट्टी नीट दाबली नाही तर पुढची टीप पडेल तेव्हा मध्ये कापडाची बारीक घडी राहते, बाहेरून दिसत नाही पण चौकोन पाव इंचाने आखूड करते. बहुतेक बिघडलेले चौकोन या एका कारणाने बिघडलेले असतात.

मग पलीकडच्या बाजूला एक पट्टी, पुन्हा अलीकडे एक, असं आळीपाळीने. एकाच बाजूने भरत गेलात तर पाया तिकडे ओढला जातो. पट्टी पंख्यासारखी एका टोकाला रुंद असेल तर पुढची उलट्या टोकाने लावा, नाहीतर चौथ्या पट्टीपर्यंत रेषा कर्ण सोडून भरकटलेल्या असतात. फिकट पट्टी गडदच्या शेजारी आली की गडदचा दाब फिकटखाली सावलीसारखा दिसतो. तिथे गडदचा दाब कात्रीने जरा कमी करा. कोपऱ्यात शेवटचा तुकडा किमान दोन इंच रुंद ठेवा. बारका तुकडा कोपऱ्यात आला तर छाटणी आणि सांध्याच्या दाबात तो पुरा जातो आणि चार चौकोन भेटतात तिथे फक्त टीपांचा गोळा उरतो.

छाटताना चौकोन पालथा घाला. पाया वर आला की त्याच्या धाग्याची दिशा दिसते. त्या धाग्याला धरून साडेआठ इंच आखा आणि कापा. सुलट्या बाजूने पट्ट्यांच्या रेषेवर मोजू नका, पट्ट्या कुठे ना कुठे वाकलेल्याच असतात.

चौकोन जोडताना सांधे दोन्ही बाजूंना उघडून दाबा. एका बाजूला पाडले तर तिथे सहा थर होतात: खालचा चौकोन आणि पाया हे दोन, आणि दोन्ही दाबांचे चार. उघडून दाबले की दोन्हीकडे चारच. कागदाचा पाया असेल तर हे जोडकाम होईपर्यंत फाडू नका, उरेब कडा तोवर त्याच्याच आधाराने सरळ राहतात. फाडताना टीपेवर अंगठा दाबून कागद टीपेकडे दुमडून ओढा, सरळ वर ओढला तर टाके सैल होतात.

कापडी पाया ठेवलात तर आतला एक थर कमी करा. चार साड्यांच्या गोधडीला तीन पुरतात. पिंजाऱ्याकडून कापूस भरून घेणार असाल तर त्यालाही पातळ थर सांगा. नाहीतर धावदोऱ्याची सुई सांध्यावर अडते, टाका लांब पडतो आणि लांब टाका पायाच्या अंगठ्यात अडकून तुटतो. सांध्यावरून टाका घालायचाच नाही असं ठरवून पट्ट्यांच्या मधून ओळी आखल्या तर हात दुखत नाही आणि टाकेही एकसारखे पडतात. पहिलं धुणं गार पाण्यात, साबण कमी, पिळू नका, सावलीत दोरीवर दुहेरी टाकून वाळवा. एका टोकावर टांगलेली ओली गोधडी स्वतःच्याच वजनाने सांधे ओढते.